मला कानडी येतं

आता जे लिहिते आहे ते माझ्या नवऱ्याला माहीत नाही. आईला माहीत नव्हतं. ती तशीच गेली. ज्या मैत्रिणींशी मी सासूपासून गुडघेदुखीपर्यंत सगळं बोलते, त्यांनाही नाही. मग तुम्हालाच का? — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा इतकी वर्षं ते पोटात ठेवून आता मला माझाच कंटाळा आलाय म्हणून असेल. कारण शोधत बसले तर आजही राहून जाईल. मला माझी सवय ठाऊक आहे.

मी सर्जन आहे. कोल्हापुरातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात शिकवते. सकाळी पोटं उघडते, दुपारी पोरांवर ओरडते, संध्याकाळी कळंब्याला घरी जाऊन भाजी चिरते. हात अजून चांगला आहे. पोरं मला घाबरतात आणि माझ्यामागं माझी नक्कल करतात. मला ते माहीत आहे, आणि खरं सांगायचं तर आवडतं.

महिला दिन आला की मला बोलावणी येतात. शाल, श्रीफळ, आणि 'मॅडम, तुमचा संघर्ष सांगा.' अलीकडं आमच्या विभागातच एक कार्यक्रम असतो — सर्जरीत सगळ्या थरांतली, सगळ्या गावांची, सगळ्या भाषांची मुलं-मुली का यायला हवीत, त्यांना शिकवण्याची पद्धत कशी बदलायला हवी, आणि त्यानं रुग्णाचं कसं भलं होतं. त्यावर मी छान बोलते. आमच्या विभागात सर्जरी शिकायला आलेली पहिली मुलगी मीच, तेव्हा बोलायचा हक्कही माझाच. माझ्यावर अन्याय झाला हे मी सांगते, आणि तो झाला होता. त्या भाषणात एकही वाक्य खोटं नसतं. फक्त एक गोष्ट त्यात नसते.

अन्याय आधी सांगते. — बघा, इथंही मी आधी तोच सांगायला निघाले! पण तो कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमचे तेव्हाचे विभागप्रमुख, त्यांना मी नुसतं सर म्हणते. हात सोन्याचा आणि जीभ खरखरीत. ऑपरेशन करणारा टेबलाच्या उजव्या अंगाला उभा राहतो, मदतनीस डाव्या. शिकणाऱ्या पोरावर सरांचा भरवसा बसला की एखाद्या दिवशी ते आपली जागा सोडायचे, टेबलाला वळसा घालून डावीकडं यायचे आणि नुसती बोटानं खूण करायचे — जा तिकडं. म्हणजे केस तुझी. आम्ही त्याला 'सरांनी बाजू सोडली' म्हणायचो. ज्याच्यासाठी बाजू सोडली त्यानं सगळ्या युनिटला मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा खाऊ घालायचा, ही रीत. माझ्याबरोबरची मुलं एकेक करून उजवीकडं गेली. माझ्या मागून आलेलीही गेली. जैनाघरची मी त्या जेवणांत दहीभात खात बसायचे आणि सगळ्यांचं अभिनंदन करायचे.

माझ्यासाठी सर बाजू सोडत नव्हते. मी डावीकडं उभी राहून जखमेची कड ओढून धरायचे, हात बधिर होईपर्यंत. सर म्हणायचे, "ओढ, ओढ, संसारात उपयोगी पडेल." सगळे हसायचे. मीही हसायचे. का हसायचे मी? न हसते तर डावीकडची जागाही गेली असती, म्हणून. तो राग माझ्या अंगात अजून आहे. आत्ता हे लिहितानाही कानशिलं तापली.

पुरुषांच्या वॉर्डात तर जांघेतला हर्निया मला दाखवायला कुणी तयार नसायचं. 'बाई डॉक्टर नको.' तिथं मला कोण सांभाळून घ्यायचं माहीत आहे? प्रवीण. माझ्यापेक्षा वर्षानं मागं. राधानगरीच्या वरच्या अंगाला असलेल्या धनगरवाड्यातला, त्या वाड्यातला पहिला डॉक्टर. राखीव जागेवरून आला होता, आणि सर त्याला हे एक दिवसही विसरू द्यायचे नाहीत. त्याचं गावाकडचं बोलणं राऊंडवर चारचौघांत त्याला इंग्रजीत करून मागायचे, आणि तो अडखळला की पुढच्या खाटेकडं वळायचे. पण हाच प्रवीण वॉर्डात मिशीवाल्या पैलवानांना माझ्यासाठी दमात घ्यायचा. "पावणं, ह्याच मोठ्या डॉक्टर हायत. दावायचं असंल तर दावा, न्हाय तर घरला जावा." मग तो माणूस मुकाट्यानं धोतर सोडायचा. सरांसमोर प्रवीण मला मॅडम म्हणायचा, एरवी ताई.

आणि आता माझं गुपित. म्हणजे त्यातलं लहान.

मला कानडी येतं. येतं म्हणजे काय — ती माझ्या घरची भाषा. नृसिंहवाडीच्या पुढं नदी ओलांडून सीमेकडं गेलं की आमचं गाव. शेतात मराठी, बाजारात मराठी, पण चुलीपाशी कानडी. आजीला तर दुसरं काही येतच नव्हतं. मी शाळेसाठी कोल्हापुरात वसतिगृहात आले तेव्हा मुलींनी माझ्या हेलाची इतकी टर उडवली की वर्षभरात मी तो घासून काढला. आडनाव पाटील. कोल्हापुरात पाटील म्हटल्यावर पुढं कोण विचारतंय? मेडिकलला येईपर्यंत मी पक्की मराठी मुलगी झाले होते. सरांना सीमेकडच्या रुग्णांची नक्कल करायची सवय होती; त्यांचं 'यंडुगुंडू' ऐकून मीही खो-खो हसत असे. आधीच बाई, त्यात कानडी — एका माणसाला एवढी दोन ओझी कशाला, असं मी स्वतःला समजावलं होतं.

पद्मव्वा आल्या त्या अशा वेळी. आमच्या पलीकडच्याच गावच्या, जैन शेतकऱ्याघरच्या, माझ्या आजीसारखंच नऊवारी आणि कपाळभर गंध. पोटावर बेंबीच्या वर हर्निया झाला होता, जुना, मोठा. बरोबर मुलगा आणि सून सुनंदा. पद्मव्वांना मराठी म्हणजे दहा-वीस शब्द. पहिल्या दिवशी रक्त काढायला गेले तर सुईकडं बघून त्या लहान मुलीसारख्या थरथरायला लागल्या. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी वाकून हळूच म्हटलं, "अंजबेड, अव्वा." — भिऊ नका, एवढंच. त्यांनी माझा हात असा धरला की सुई टोचलेली त्यांना कळलीसुद्धा नाही. मग कुणाची मुलगी, कुठलं गाव, सगळं विचारून घेतलं. मी खरं खरं सांगितलं. नर्स आली तशी मी मराठीत वळले. पद्मव्वांनी माझ्याकडं बघितलं आणि त्या समजून चुकल्या. त्यानंतर लोकांसमोर त्या माझ्याशी एक शब्द बोलायच्या नाहीत, आणि कुणी नसलं की 'मगळे, मगळे' — पोरी, पोरी — म्हणून माझा पदर सोडायच्या नाहीत. माझी लाज त्यांनी माझ्याहून नीट सांभाळली.

आणि त्याच आठवड्यात सर म्हणाले, "पाटील, त्या म्हातारीचा हर्निया तू कर. मी समोर उभा राहतो."

तुम्हाला कसं सांगू मला काय झालं? मी जिन्यात जाऊन रडले. सर पुढच्या आठवड्यापासून मोठ्या रजेवर जाणार होते, आणि ते परत येईपर्यंत माझी नेमणूक दुसऱ्या युनिटमध्ये होणार होती. म्हणजे ही एकच संधी. हे ध्यानात ठेवा. मी ते विसरायला लावणारी माणूस आहे.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी नर्सनं खाटेखाटेशी जाऊन नेहमीप्रमाणं सांगितलं — रात्री बारानंतर काही खायचं-प्यायचं नाही. पद्मव्वा आणि सुनंदा दोघी मान डोलावत होत्या. आता तुम्ही जैन असाल तर तुमच्या लक्षात आलंच असेल. आमच्यात जुनी माणसं दिवस मावळला की पाण्याचा थेंब घेत नाहीत. रात्री खाऊ नका, हे पद्मव्वांना सांगणं म्हणजे चोरी करू नका असं सांगण्यासारखं! त्या हसल्याच असतील मनात. आणि रात्रीचं बंधन संपतं कधी? सूर्य उगवला की. हे नर्सला कळायचं कारण नव्हतं. सगळ्या वॉर्डात हे कळणारी एकच बाई होती, आणि ती तिथून चार पावलांवर उभी राहून उद्याच्या टाक्यांचा विचार करत होती.

सकाळी राऊंड. सर, मागं आम्ही, त्यामागं विद्यार्थी. पद्मव्वांच्या खाटेशी आल्यावर सरांनी प्रवीणला खूण केली. प्रवीणनं विचारलं, "आज्जी, रातच्याला काय खाल्लंसा काय?"

पद्मव्वांना 'रात' कळलं. त्यांनी दोन्ही कानांना हात लावले. न्हाई, न्हाई. थोड्या रागावल्यासुद्धा. आणि मग, पहिल्यांदाच लोकांसमोर, त्या माझ्याकडं वळून कानडीत बोलल्या. की सांग ग पोरी ह्या लेकराला, आपण रात्री कुठं खातो? सकाळी ऊन आल्यावर सुनेनं दूध-पोहे दिले तेवढेच, त्यावर काही नाही.

सरळ, स्वच्छ वाक्य. माझ्या आजीच्या बोलीतलं.

सर म्हणाले, "काय यंडुगुंडू चाललंय? येतं का रे कुणाला कानडी?" विद्यार्थी हसले. प्रवीणनं मान हलवली. मी सलाईनच्या बाटलीकडं बघत राहिले. पद्मव्वा माझ्याकडं बघत राहिल्या. सर पुढच्या खाटेकडं गेले, आणि आम्ही सगळे त्यांच्यामागं.

— हीच ती गोष्ट, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. भाषेची लाज वाटली आणि मी गप्प बसले. वाईट, पण समजण्यासारखं. तरुण मुलगी, तिरकस सर, हसणारी पोरं. ऐकणाऱ्याला माझी दयाच येईल. एकदा तर मी ठरवलं होतं की भाषणात एवढं सांगून टाकायचं. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं असतं.

पण हे अर्धंच आहे. नाही, अर्धंही नाही.

राऊंड संपला. सर त्यांच्या खोलीत गेले. पोरं चहाला गेली. मी एकटी होते. आता कुणाची लाज होती? भूल देणाऱ्या मॅडमना जाऊन सांगायचं, पेशंटनं सकाळी खाल्लंय — बस. कानडी कबूल करायचीही गरज नव्हती. सुनेनं सांगितलं म्हटलं असतं, डब्याला पोहे लागलेले दिसले म्हटलं असतं. हजार मार्ग होते. प्रवीणला नुसतं म्हटलं असतं, 'पुन्हा नीट विचारून ये,' तरी त्यानं सुनेला गाठलं असतं.

मी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर केस त्या दिवशी रद्द झाली असती, आणि आमच्या युनिटचा ऑपरेशनचा वार आठवड्यातून एकच. आणि पुढच्या आठवड्यात सर नव्हते.

हे आहे ते. लाज नव्हे. मला ते ऑपरेशन हवं होतं.

मी पोटाचा हिशेब केला. सर्जनच होते ना मी! यादीत त्या शेवटच्या होत्या, दुपारच्या. दूध-पोहे दुपारपर्यंत खाली उतरतात. उतरतील. मी हे इतक्या शांतपणे ठरवलं की आज त्या शांतपणाचीच मला भीती वाटते. मग पहिल्या पेशंटचा रक्तदाब चढलेला निघाला, दुसऱ्याचं रक्त मिळालं नव्हतं, आणि सरांनी फर्मावलं — म्हातारीला आणा आधी.

मी हात धुवायला उभी होते. नळ सुरू होता, आत टेबलावर पद्मव्वा. भूल देणाऱ्या मॅडमनी त्यांना मराठीत विचारलं. त्या डोळे मिटून णमोकार मंत्र म्हणत होत्या, त्यांनी काही उत्तर दिलं नाही. मग मॅडमनी प्रवीणला विचारलं, "उपाशी आहे ना रे?" तो म्हणाला, "व्हय मॅडम, काल दिवस बुडल्यापासनं." मी हे ऐकलं. माझ्या आणि त्यांच्यामध्ये एक उघडं दार होतं. मी कोपरापर्यंत साबण लावत राहिले. 'थांबा' हा एक शब्द — मराठीतला — माझ्या तोंडात होता, आणि मी तो काढला नाही.

सरांनी बाजू सोडली. मी उजवीकडं उभी राहिले. तेवढ्यात भूल चढली, आणि पोटातलं सगळं वर आलं. दूध. पोहे. उपसायचं यंत्र, धावपळ, मॅडमचं ओरडणं. ते पद्मव्वांच्या फुप्फुसात गेलं होतं. मी हातमोजे घातलेले हात छातीशी धरून उभी होते, कारण निर्जंतुक केलेले हात कुठं लावायचे नसतात. माझं सुरीला बोटही लागलं नाही.

पद्मव्वा अतिदक्षता विभागात तीन दिवस यंत्रावर होत्या. मी रोज जायचे. त्यांना शुद्ध यायची तेव्हा डोळे उघडायच्या आणि त्या डोळ्यांत काय असायचं? राग असता तर मला सोसला असता. त्या गोंधळलेल्या दिसायच्या. सांगितलं होतं की मी तुला, असं काहीतरी. आपल्या माणसानं दगा दिला हे त्यांना शेवटपर्यंत कळत नव्हतं, किंवा कळून खरं वाटत नव्हतं. मी तिथं कानडीत एक शब्द बोलले नाही. मग त्या गेल्या.

त्या गेल्या त्या दिवशी दाराबाहेर मुलगा आणि सुनंदा उभे होते. मी सांगायला गेले. मुलगा भिंतीला टेकला. सुनंदा माझ्यासमोरच, मला समजत नाही अशा खात्रीनं, नवऱ्याला कानडीत म्हणाली — मी दिलं हो, सकाळी मीच दिलं, मीच मारलं त्यांना. आणि तो दात दाबून म्हणाला, गप, कुणाला बोलू नको, आपल्यालाच धरतील. दोघांच्या मधे मी, पांढऱ्या कोटात. हात पुढं करून म्हणायचं होतं, 'तुम्ही नाही, सुनंदाताई. त्यांनी मला सांगितलं होतं. मी ऐकलं होतं.' मी त्यांना मराठीत सांगितलं की कागदपत्रं खाली मिळतील.

प्रवीणचं राहिलं.

मृत्यू झाला की दुसऱ्या दिवशी विभागात बैठक होते, कुठं चुकलं ते बघायला. बैठकीच्या आधी तो मला कॉरिडॉरमध्ये भेटला. चेहरा उतरला होता, तरी बोलण्यात भरवसा होता. "ताई, म्या तुमच्यासमोर इचारलं हुतं की. सर म्हणत्यात, त्यास्नी काय आठवत न्हाई. आज्जी न्हाई म्हणाली. तुम्ही हुतासा की तितं, तेवढं सांगा सरास्नी." मी म्हटलं, बघू. आत गेल्यावर सरांनी विचारलं, पाटील, तू होतीस ना? यानं नीट विचारलं होतं? आणि मी म्हटलं, "नक्की आठवत नाही, सर. माझं लक्ष पुढच्या पेशंटकडं होतं."

प्रवीणनं माझ्याकडं बघितलं. सर बोलत सुटले — बोलता येत नाही, विचारता येत नाही, कुठून कुठून भरून पाठवतात वर. कुणीच काही म्हणालं नाही. माझ्यावर अन्याय होताना जसे सगळे गप्प असायचे, अगदी तसेच गप्प. फरक एवढाच की त्यात आता मी होते. मला त्या लोकांनी किती एकटं पाडलं हे सांगताना आजही माझा आवाज भरून येतो. आणि ज्या एका माणसानं मला एकटं पाडलं नाही त्याला मी असं त्यांच्या हवाली केलं.

त्यानंतर सरांनी प्रवीणला सुरीला हात लावू दिला नाही. दुसऱ्यांनीही दिला नाही. अशी गोष्ट विभागात पसरते. तो परीक्षा पास झाला, पण ज्याला कुणी शिकवलंच नाही त्यानं कापायचं कसं? आता तो एका प्राथमिक आरोग्य केंद्रात असतो. ताप-खोकला बघतो. लोक त्याला देव मानतात असं ऐकलं. ते ऐकून मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची किळसही आली. त्या बैठकीनंतर त्यानं मला ताई म्हटलं नाही. मॅडम म्हणायचा, सरांच्या मागंसुद्धा.

आणि मला? सरांना माझी दया आली. "तुझी केस बिचारी वाया गेली," असं म्हणाले, आणि रजेवर जायच्या आदल्या दिवशी आलेल्या एका तातडीच्या केसला माझ्यासाठी बाजू सोडली. माझा हात चांगला चालला. सर खूश झाले. तिथून मी मागं वळून पाहिलं नाही — हे वाक्य मी भाषणात म्हणते, आणि ते शब्दशः खरं आहे.

तुम्ही म्हणाल, वय लहान होतं, पद्धतच तशी होती, भूल देणाऱ्यांनी नीट बघायला हवं होतं. म्हणू नका. हे सगळं मी स्वतःला सांगून पाहिलंय, तुमच्यापेक्षा चांगल्या शब्दांत.

आता शेवटचं, आणि हे जुनं नाही. परवाचंच आहे.

ओपीडीत सुनंदा आली. केस पिकलेत, पण मी तिला दारातच ओळखलं. पित्ताशयात खडे झालेत. गावात कुणीतरी माझं नाव सांगितलं, आणि माझ्याच हातून करायचं म्हणून ती पहाटेच्या एसटीनं आली होती. सासूला शेवटपर्यंत रोज बघायला यायच्या त्या बाई डॉक्टर, अशी माझी तिच्या मनात ओळख. मी तपासायला खाटेवर झोपवलं तर ओठ कोरडे पडलेले. विचारलं, काही खाऊन आला नाहीत का? ती म्हणाली, "काय बी न्हाई मॅडम. काल दिवस बुडल्यापासनं पाणी बी न्हाई." मी म्हटलं, अहो नुसतं तपासायला उपाशी कशाला यायचं? तिनं आजूबाजूला पाहिलं. नर्स बाहेर गेली होती. मग ती माझा हात धरून हळू आवाजात, अडखळत मराठीत बोलायला लागली. दवाखान्याच्या दिवशी घरात ती कुणालाच खाऊ देत नाही, नातवाला लस टोचायची असली तरी नाही. एवढी वर्षं कुणाला सांगितलं नाही, तुम्हाला सांगते. सासूला त्या सकाळी दूध मी दिलं होतं. माझ्या हातनं माणूस गेलं.

सांगताना ती ढसाढसा रडली. आमच्या दोघींशिवाय खोलीत कुणी नव्हतं. सर केव्हाच वारले. माझी नोकरी कुणी घेणार नव्हतं, मला कुणी हसणार नव्हतं. एक कानडी वाक्य, आणि त्या बाईचं ओझं उतरलं असतं.

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि मराठीत म्हटलं, "जाऊ दे, सुनंदाताई. तुम्हाला कुठं माहीत होतं? मनातून काढून टाका आता."

ती खाटेवरून उतरली आणि माझ्या पाया पडली. मी पडू दिलं.